खळ

सोसायटीची मीटिंग गच्चीवर झाली,
पोह्यांवर जिरावन नेहमीपेक्षा सढळ हातानं.
सेक्रेटरी निगम म्हणाले, ठराव क्रमांक चार:
दर मजल्यावर जिन्यात एक कॅमेरा,
आणि चित्र सगळ्यांच्या मोबाइलवर.
"काका, छुपाने जैसा है क्या अपने पास?"
सगळे हसले. मीही हसलो,
तोंडात शेव होती.

खरं तर कॅमेरा एकाच दारासाठी.
तिसरा मजला, खरगोनची मुलगी, कृतिका मंडलोई.
रात्रपाळी करते, पहाटे चारला येते,
कधी एकटी, कधी नाही.
ती मीटिंगला नव्हती.
भाडेकरूंना बोलावत नाहीत.

मी आरएमएसमध्ये होतो. सॉर्टर.
इंदूर स्टेशनच्या फलाटालगतची खोली,
भिंतभर खण, खणावर गावाचं नाव:
महू, देवास, उज्जैन, बडनगर.
अक्षरावरून माणूस ओळखायचो आम्ही,
पण पत्ता म्हणजे दार.
आत जायचं नाही हे कुणी शिकवलं नव्हतं,
चपला बाहेर काढतात तसं ते अंगातच होतं.

शहात्तर साली एक यादी आली. त्रेचाळीस नावं.
यांची पत्रं बाजूला काढा, म्हणाले,
आणि माझ्यापुढे केटली ठेवली,
चहाचीच, अ‍ॅल्युमिनियमची, तोटीला पोचा आलेली.
मी तेवीस वर्षांचा, नोकरी कच्ची,
बहिणीचं लग्न ठरलेलं.
ही कारणं मी पुष्कळ वर्षं पाठ म्हणत आलोय.

वाफेवर पाकीट धरलं
की डिंकाला आधी घाम फुटतो,
मग कड आपणहून उचलली जाते.
आवाज अजिबात होत नाही.

देवासच्या सौ. प्रमिला सुपेकर
तुरुंगातल्या नवऱ्याला लिहायच्या.
मी कट शोधत होतो.
मिळालं ते असं:
म्हैस आटली. अप्पांचा कान पुन्हा फुटलाय.
धाकट्याचा दात पडला, सोबत पाठवते आहे,
उशाखाली ठेवा.
कागदाच्या पुडीत दात. तांदळाएवढा.

लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, निगमसाहेब.
काहीच नव्हतं.
म्हणून तर.

दात परत पुडीत घातला.
घडी आधी डावी होती की उजवी, आठवेना.
मैद्याची खळ लावली, बोटानं दाबून धरलं.
पुढच्या पत्रात म्हैस नव्हती, अप्पांचा कान नव्हता.
आम्ही सर्व खुशाल.
त्याच्या पुढच्यातही.
पाच महिने एवढी एकच ओळ,
खाली सही.
घडी ओळखली असणार बाईंनी.

हे सगळं मीटिंगमध्ये बोललो नाही.
कागदावर फक्त 'विरोध' लिहिलं.
एकवीस विरुद्ध एक.
मंगळवारी ड्रिल घेऊन पोरं आली,
जिन्यात दोन दिवस चुन्याची पूड.

आता माझंही दार दिसतं त्यात.
परवा निगम भेटले, हात हातात घेऊन म्हणाले,
"काका, रात ढाई बजे बाहर खड़े थे,
तबीयत ठीक है ना?"
माया खरी होती. तेच तर अवघड.
मी म्हटलं, हो, हो,
आम्ही सर्व खुशाल.

कृतिका हल्ली चपला हातात घेऊन चढते,
ओढणी नाकापर्यंत.
काल चारला मी दार उघडून उभा राहिलो.
तिला सांगायचं होतं, तो एक मत माझं होतं.
आणि जमलं तर दाताचंही.
ती दचकली, भिंतीला टेकली.
"अंकल, कुछ चाहिए?"
वर लाल ठिपका, समोर मी,
तिच्या बाजूनं पाहिलं तर दोन्ही एकच.
काही नाही, म्हटलं, आवाज आला म्हणून.
आणि दार लावून घेतलं.

झोप लागणार नव्हतीच. चहा टाकला.
केटली घरात कधी आणली नाही मी.
पातेलं ठेवतो, वर झाकण,
आणि उकळी यायच्या आत
गॅस बंद करतो.